दहा पेटाबाइटांचं बिऱ्हाड

समजा, एखाद्या पुलाचं काम चालू आहे. अभियंता, ठेकेदार, सल्लागार, हिशेबनीस अशी सगळी माणसं आपापल्या गावी बसून इंटरनेटवरच्या एकाच प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरवर काम करतात. कुणीतरी एका कामाखाली ‘कऱ्हाड पूल आराखडा’ नावाची पीडीएफ जोडतो. चार वर्षांनी कुणी दुसराच त्या नावावर क्लिक करतो आणि आराखडा उघडतो. मधल्या काळात ती फाइल एका कंपनीच्या यंत्रांवरून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर गेलेली असू शकते. कधी तर तिने देशही बदललेला असतो. क्लिक करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, आणि तो नसावा यासाठीच काही माणसांनी महिनोन् महिने खपून काम केलेलं असतं. या कामाचं कौतुक फार कमी होतं. ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून त्याची ही थोडी तपशिलात माहिती.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये बेसकँप हे जुनं नाव. शिकागोच्या ३७सिग्नल्स या कंपनीने ते फेब्रुवारी २००४ मध्ये आणलं. जेसन फ्राइड आणि डेव्हिड हाइनमायर हॅन्सन ही त्यामागची दोन ठळक नावं. बेसकँप लिहिताना हॅन्सन यांनी जो सांगाडा उभा केला, तोच त्या वर्षी ‘रुबी ऑन रेल्स’ या नावाने सगळ्यांसाठी खुला झाला आणि पुढे हजारो संकेतस्थळं त्यावर बांधली गेली. बेसकँपवर लोक कामांच्या याद्या करतात, चर्चा करतात, तारखा ठरवतात आणि मुख्य म्हणजे फाइली टाकत राहतात. याद्या आणि चर्चा डेटाबेसात मावतात, कारण अक्षरं फार जागा खात नाहीत. फाइलींचं तसं नाही. छायाचित्रं, व्हिडिओ, नकाशे, स्कॅन केलेले करार यांचा ढीग दर वर्षी वाढतो, आणि जुनं कुणी काढून टाकत नाही.

हा ढीग ठेवायचा कुठे, याचं एक सोपं उत्तर १४ मार्च २००६ रोजी आलं. त्या दिवशी ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली. वाटेल तेवढ्या फाइली ठेवा आणि जेवढ्या ठेवाल तेवढ्याचंच भाडं द्या, दर सुरुवातीला गिगाबाइटला महिना १५ सेंट. डिस्क विकत घेणं, बिघडलेली बदलणं, प्रती काढणं ही सगळी कटकट ॲमेझॉनकडे. लहान कंपन्यांना हे वरदानच होतं. पण भाडं थांबत नाही, आणि ढीगही थांबत नाही. ३७सिग्नल्सने आपला २०२२ चा खर्च उघडपणे मांडला, तेव्हा क्लाउडचं, म्हणजे अशा भाड्याच्या यंत्रांचं, एकूण बिल ३२ लाख डॉलरच्या घरात होतं. त्यातले ९ लाख ७ हजार डॉलर एकट्या एस-थ्रीवर, ८ पेटाबाइट फाइलींसाठी. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हॅन्सन यांनी क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला. २०२३ च्या मध्यापर्यंत कंपनीचे प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर आले. फाइली मात्र तिथेच राहिल्या, कारण एस-थ्रीचा करार चार वर्षांचा होता आणि तो २०२५ च्या उन्हाळ्यात संपणार होता. तोवर साठा जवळजवळ १० पेटाबाइट झाला. या साठ्यासाठी कंपनीने प्युअर स्टोरेज या कंपनीची फ्लॅश-साठवण घेतली, दोन डेटा सेंटरांत मिळून १८ पेटाबाइटची. यंत्रांची किंमत सुमारे १५ लाख डॉलर. ती चालवण्याचा वर्षाचा खर्च दोन लाख डॉलरच्या आत राहील असा हिशेब मांडला गेला. हे आकडे वाचून प्रत्येकाने क्लाउड सोडावा, असा अर्थ मात्र काढू नये. या कंपनीकडे डेटा सेंटरात आधीपासून रॅक होते, ती यंत्रं सांभाळणारी अनुभवी माणसं होती आणि साठा किती वाढेल याचा अंदाज होता. तीन माणसांच्या कार्यालयाने याच गणितावर डिस्क विकत घेतल्या, तर ते पहिल्याच बिघाडाला रडकुंडीला येईल.

इतक्या फाइली हलवायच्या म्हणजे नेमकं काय हलवायचं? त्यासाठी ‘कऱ्हाड पूल आराखडा’ अपलोड होतो त्या क्षणी आत काय घडतं ते पाहावं लागेल. आपल्याला ती एक फाइल दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिचे दोन भाग होतात. खरे बाइट जातात साठवणुकीत. तिची नोंद राहते डेटाबेसात.

रेल्समध्ये फाइली सांभाळणारा भाग आहे ॲक्टिव्ह स्टोरेज. तो बेसकँपच्याच तिसऱ्या आवृत्तीतून वेगळा काढला गेला आणि २०१८ मध्ये रेल्स ५.२ सोबत सर्वांना मिळाला. त्याच्या तक्त्यातली एक ओळ पाहिली की सगळी रचना कळते. एका रकान्यात फाइलचं माणसाने दिलेलं नाव. दुसऱ्यात प्रकार, म्हणजे पीडीएफ की छायाचित्र. तिसऱ्यात आकार, बाइटमध्ये मोजलेला. एका रकान्यात चेकसम, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवर गणित करून काढलेला छोटा ठसा. एक बाइट जरी बदलला तरी ठसा वेगळा येतो. आणि एका रकान्यात किल्ली, २८ अक्षर-अंकांची, कुठलाही अर्थ नसलेली. साठवणुकीत फाइल त्या किल्लीच्या नावाने पडलेली असते. तिथे कऱ्हाडही नसतं, पूलही नसतो. २०२० च्या अखेरीस आलेल्या रेल्स ६.१ ने या ओळीत आणखी एक रकाना वाढवला, ही फाइल कोणत्या सेवेत आहे याचा. त्या एका रकान्यामुळे काही फाइली जुन्या जागी आणि काही नव्या जागी असताना सॉफ्टवेअर चालू ठेवणं शक्य झालं. स्थलांतर करणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही.

क्लिकचा प्रवासही असाच विचारपूर्वक आखलेला आहे. पानावर जी लिंक असते ती थेट साठवणुकीची नसते, सॉफ्टवेअरची असते. क्लिक झालं की सॉफ्टवेअर परवानगी तपासतं, नोंद वाचतं, फाइल सध्या कुठे आहे ते पाहतं आणि तिथला तात्पुरता पत्ता तयार करून ब्राउझरला तिकडे पाठवतं. तो पत्ता मूळ मांडणीत पाच मिनिटं चालतो. फाइल उद्या दुसरीकडे गेली तरी पानावरची लिंक तीच राहते. याउलट ज्या सॉफ्टवेअरने चर्चेच्या मजकुरातच साठवणुकीचा थेट पत्ता लिहून ठेवलेला असतो, तिथे फाइल हलवली की वर्षानुवर्षांच्या चर्चांमधली चित्रं एका रात्रीत नाहीशी होतात. मग लाखो मजकुरांतले पत्ते एकेक करून बदलत बसावं लागतं.

रेडमाइन हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मुक्त सॉफ्टवेअर २००६ पासून आहे आणि आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. त्याची पद्धत थोडी वेगळी. तिथे फाइली सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिन्याच्या उपफोल्डरांत पडतात. नावाच्या पुढे अपलोडची तारीख-वेळ बारा अंकांत जोडली जाते. मूळ नाव साध्या रोमन अक्षरांत असेल तर ते तसंच पुढे येतं. पण नाव देवनागरीत असेल, तर त्याजागी त्या नावाचा ३२ अक्षरांचा ठसा लिहिला जातो. म्हणजे मराठी नावांच्या फाइलींचा फोल्डर उघडून पाहिला, तर त्यात फक्त अंक आणि अक्षरांच्या माळा दिसतील. कोणती माळ म्हणजे कोणता आराखडा, हे नुसत्या नावावरून कळत नाही, डेटाबेसच सांगू शकतो. नुसता फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि फाइली वाचल्या असं समजलं, तर फाइली हाती लागतील, त्यांची नावं लागणार नाहीत.

मराठी नावं आंधळेपणाने जशीच्या तशी वापरली तर काय होतं, तेही सांगायला हवं. ऱ हे आपल्याला रोज लागणारं अक्षर. शेतकऱ्यांची यादी, दुसऱ्या टप्प्याचा हिशेब, कऱ्हाड. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, ०९३१, आणि यूटीएफ-८ मध्ये ते ३ बाइट घेतं. तेच अक्षर साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं, तेव्हा ६ बाइट होतात. तिसरी रीत र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशी आहे. जुन्या मराठी मजकुरात ती सर्रास सापडते. पडद्यावर तिन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात. पण पहिला १८ बाइटांचा आहे, बाकीचे दोन २१ बाइटांचे, आणि तेही एकमेकांपासून वेगळे. एस-थ्रीसारखी साठवणूक नावं बाइटांवरून ओळखते, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन वेगळी नावं. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं साठवताना संयुक्त चिन्हं सुटी करत असे. अशा मॅकमधून गेलेली फाइल डेटाबेसातल्या नावाने शोधायला गेलं की ‘सापडत नाही’ असं उत्तर येऊ शकतं, फाइल डोळ्यांसमोर असूनही. पहिल्या दोन रीतींमधला फरक नियमाने मिटवता येतो, कारण युनिकोडच त्यांना समान मानतं. तिसरीला ते समान मानत नाही. तिच्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, ३ बाइटांचं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे, आणि आपल्या सरकारी पत्रांच्या विषयांची लांबी पाहता ते सहज ओलांडलं जातं. अर्थहीन किल्ली वापरण्याची युक्ती किती शहाणपणाची आहे, हे मराठी वापरणाऱ्याला चटकन पटेल.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. दुकान बंद ठेवून, म्हणजे सॉफ्टवेअर थांबवून, सगळं उचलायचं आणि मग चालू करायचं, हा मार्ग छोट्या साठ्याला ठीक आहे. दहा पेटाबाइटला तो चालत नाही. सेकंदाला १० गिगाबिटची वाहिनी पूर्ण भरून चोवीस तास चालवली, तरी एवढा साठा जायला सुमारे ९३ दिवस लागतात. घरच्या १०० मेगाबिटच्या जोडणीवर हेच काम पंचवीस वर्षं चालेल. एके काळी यावर ॲमेझॉनने चक्क ट्रक काढला होता. २०१६ मध्ये दाखवलेल्या स्नोमोबाइल या ४५ फुटी कंटेनरात १०० पेटाबाइट भरता येत. रस्त्याने डेटा नेणं तारेने नेण्यापेक्षा लवकर होतं, हे त्यामागचं साधं गणित. २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली.

एकूण आकाराइतकीच फाइलींची संख्याही छळते. एस-थ्रीला ‘काय काय आहे ते सांग’ असं विचारलं, तर ती एका वेळी जास्तीत जास्त हजार नावं देते. एक मोठा व्हिडिओ एका दमात वाहत जातो, पण त्याच आकाराच्या लाख छोट्या चित्रांना लाख वेळा मागणी, लाख वेळा उत्तर. म्हणून शेकडो मागण्या एकाच वेळी चालवाव्या लागतात.

या सगळ्या काळात लोक काम करत असतात. नव्या फाइली येतात, जुन्या पुसल्या जातात. त्यामुळे अनुभवी मंडळी आधी नव्या फाइली दोन्हीकडे लिहायला सुरुवात करतात आणि मग मागचा साठा सावकाश भरत नेतात. ॲक्टिव्ह स्टोरेजमध्ये याची सोय ‘मिरर’ या नावाने आहे. एक सेवा मुख्य ठरवायची, दुसरी आरसा. वाचन मुख्य सेवेतून, लिहिणं आणि पुसणं दोन्हीकडे. मात्र रेल्सची मार्गदर्शिकाच बजावते की हे दुहेरी लेखन अखंड नसतं. मुख्य जागी फाइल पोचेल आणि आरशात चुकेल, असं होऊ शकतं. म्हणून नव्या जागेवर विसंबण्याआधी सगळं पोचल्याची खात्री करायची.

पुसलेल्या फाइलींचा आणखी एक पेच असतो. सोमवारी यादी काढली, मंगळवारी कुणीतरी फाइल पुसली आणि बुधवारी जुन्या यादीच्या भरवशावर काम करणाऱ्या यंत्राने आधीच उचललेली तिची प्रत नव्या जागी ठेवली. आता नोंद नाही, पण बाइट आहेत. ग्राहकाने काढून टाकायला सांगितलेला करार कंपनीच्या डिस्कवर कुणाला न दिसता पडून राहतो. कायद्याच्या दृष्टीनेही हे गंभीर आहे. म्हणून तपासणी दोन्ही दिशांनी करावी लागते. प्रत्येक नोंदीला बाइट आहेत का, आणि प्रत्येक बाइटांच्या गठ्ठ्याला नोंद आहे का.

खात्री करायची ती चेकसमने. इथेही एक खाच आहे. ॲक्टिव्ह स्टोरेज एमडी५ या पद्धतीचा १६ बाइटांचा ठसा २४ अक्षरांत लिहून ठेवतं. एस-थ्री साध्या अपलोडला तोच ठसा ३२ अक्षरांत दाखवते. लिपी बदलली की जुळणी होते. पण मोठी फाइल तुकड्यांत अपलोड केलेली असेल, तर एस-थ्री जो ठसा दाखवते तो सगळ्या तुकड्यांच्या ठशांवरून काढलेला असतो, आणि शेवटी तुकड्यांची संख्या असते. तो मूळ फाइलच्या ठशाशी कधीच जुळणार नाही, फाइल अगदी शाबूत असली तरी. अशा वेळी फाइल पुन्हा पूर्ण वाचून ठसा स्वतः काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, वेळही खातं. तरी त्याला पर्याय नाही.

प्रत आहे असं समजणं आणि प्रत उघडून पाहणं यांतलं अंतर किती महाग पडतं, हे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री पाहिलं. सुमारे ३०० गिगाबाइटचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. एस-थ्रीवर रोजच्या बॅकअपची बकेट, म्हणजे फाइलींचा कप्पा, होती, पण ती रिकामी निघाली. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि तो दर वेळी अपयशी ठरत होता. त्याच्या सूचनेच्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा परत उभी राहिली. या प्रसंगात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की लोकांचा कोड, म्हणजे खरे बाइट, फाइल-सर्व्हरवर सुरक्षित होते. गेल्या त्या नोंदी, सुमारे ५,००० प्रकल्पांच्या, तितक्याच प्रतिक्रियांच्या आणि ७०० वापरकर्त्यांच्या. गिटलॅबने ही सगळी हकिगत लपवून न ठेवता मिनिटामिनिटाने लिहून प्रसिद्ध केली. माझ्या मते त्या उमदेपणाने या व्यवसायाचं मोठं भलं केलं.

बाहेर पडण्याला पैसेही पडतात. क्लाउडमध्ये डेटा आत नेणं बहुधा फुकट असतं आणि बाहेर काढण्याला गिगाबाइटमागे दर असतो. ३७सिग्नल्सच्या बाबतीत ही रक्कम अडीच लाख डॉलर झाली असती. ती माफ झाली. युरोपीय संघाचा डेटा कायदा ११ जानेवारी २०२४ रोजी अमलात आला. सेवा बदलताना आकारलं जाणारं शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद करायचं, असं त्यात आहे. जानेवारी २०२४ मध्येच गुगलने आणि त्या मार्चमध्ये ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हा आकार माफ केला. आपला डेटा आपल्याला परत न्यायला दंड पडू नये, ही मागणी रास्तच होती. त्याच ॲमेझॉनच्या आत जागा बदलणंही वाटतं तितकं सोपं नाही. मुंबईत त्यांची डेटा सेंटरं जून २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सिंगापूरला फाइली ठेवणाऱ्यांना जवळची जागा मिळाली. पण बकेट एकदा ज्या प्रदेशात उघडली तिचा प्रदेश बदलत नाही. मुंबईत नवी बकेट उघडायची आणि सगळं कॉपी करायचं, एवढाच मार्ग.

उलट दिशेची वाहतूकही मोठी आहे. ॲटलासियन या कंपनीने आपल्या जिरा या प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या, स्वतःच्या यंत्रांवर चालणाऱ्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला आणि जगभरच्या कार्यालयांना फाइली घेऊन क्लाउडमध्ये किंवा महागड्या डेटा सेंटर आवृत्तीत जावं लागलं. त्यांच्या स्थलांतर-साधनात एक उपयोगी सोय आहे. जोडलेल्या फाइली कित्येक दिवस आधीच पाठवून द्यायच्या आणि शेवटच्या रात्री फक्त नोंदी हलवायच्या. वजनदार भाग आधी गेल्यामुळे बंद राहण्याचा वेळ खूप कमी होतो.

शेवटी उरतं जुन्या जागेवरचं पुसणं. सगळ्यांत जास्त जपायचं ते इथे. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियनला एक जुनं जोड-सॉफ्टवेअर काढून टाकायचं होतं. पुसणाऱ्या स्क्रिप्टला त्या सॉफ्टवेअरचे क्रमांक द्यायचे, त्याऐवजी ग्राहकांच्या पूर्ण साइटचे क्रमांक दिले गेले. ८८३ साइट पुसल्या गेल्या, ७७५ ग्राहक अडकले आणि काहींना परत यायला चौदा दिवस लागले. म्हणून शहाणे लोक जुनी जागा आधी फक्त वाचनापुरती ठेवतात. तिथे अजून कुणी वाचायला येतं का ते नोंदवहीत पाहतात. महिना-दोन महिने एकही मागणी आली नाही की मग पुसतात, आणि तेही आधी ‘पुसल्यासारखं’ करून, परत आणता येईल असं. ३७सिग्नल्सला तर हे जास्तच जपून करावं लागणार होतं. बेसकँपच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट असेपर्यंत चालू ठेवू, असं त्यांचं ग्राहकांना जाहीर वचन आहे. म्हणजे २००४ च्या मूळ आवृत्तीत कुणी जोडलेलं पत्रही नव्या यंत्रांवर उघडलं पाहिजे.

नवी जागाही कायमची नसते. गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांसाठी अपलोड केलेल्या फाइली डिस्कवरून क्लाउडमध्ये नेणारी एक आज्ञा आहे, आणि त्या परत डिस्कवर आणणारी दुसरी.  सॉफ्टवेअर निवडताना सोयींच्या यादीत त्या दुसऱ्या आज्ञेसारखं काही आहे का, हे मी तरी आधी पाहीन.